तिकडचे पाटील

प्लोयने आडनाव लिहायला फळ्याच्या अगदी डाव्या कडेपासून सुरुवात केली, तरी शेवटची दोन अक्षरं तिला खालच्या ओळीत घ्यावी लागली. लिहून झाल्यावर तिने मार्करला टोपण लावलं, एक पाऊल मागे सरकली आणि भिंतीवरचा फोटो सरळ लागलाय की नाही ते बघावं तसं त्या नावाकडे बघितलं.

"पथुमथारा," ती म्हणाली. "पथुम म्हणजे कमळ. थारा म्हणजे पाण्याची धार."

मागच्या बाकावर जयमाला पाटील अजून स्वतःच्याच यशात मश्गूल होती. योकोहामातल्या नागरी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी परदेशी लोकांसाठी जपानीचा फुकट वर्ग भरतो. शिकवतात त्या किमुरा-सेन्सेई, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी या रविवारी प्रत्येकाला तीन मिनिटं 'माझं आडनाव' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. जयमालाचं नुकतंच झालं होतं आणि तिने वर्ग हसवून सोडला होता. पाटील म्हणजे पूर्वी गावाचा कारभार बघणारा; प्रत्येक गावाला एक, म्हणजे गावं तितके पाटील. माझं माहेर पाटील, सासर पाटील, आणि दोन्ही पाटलांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. लग्न झालं तेव्हा बँकेत नाव बदलायचा खर्च वाचला. नवऱ्याच्या तोयोसुच्या ऑफिसात तीन पाटील आहेत, म्हणून जपानी लोक त्यांना मोठे पाटील, बुटके पाटील आणि चष्मेवाले पाटील म्हणतात. माझा नवरा बुटका. किमुरा-सेन्सेईंनी हसून हसून चष्मा काढून पुसला होता.

प्लोयचं बोलणं हसवणारं नव्हतं. ती कागद न बघता, सावकाश, एकेक वाक्य पारखून बोलत होती. थायलंडमध्ये शंभरएक वर्षांपूर्वी कुणालाच आडनाव नव्हतं. मग राजाने कायदा केला, प्रत्येक घराने एक आडनाव घ्यायचं. आणि दुसऱ्याने घेतलेलं घ्यायचं नाही. पणजोबा तालुक्याच्या कचेरीत गेले, त्यांनी सांगितलेली चार नावं आधीच कुणीतरी घेतलेली निघाली. शेवटी अधिकारी वैतागून म्हणाला, तुझ्या घरापुढे काय आहे? पणजोबा म्हणाले, कमळाचं तळं आणि त्यात पडणारा एक ओढा.

"म्हणून पथुमथारा. दुसऱ्या कुणाचंच नाही. दोन माणसांचं हे आडनाव असेल तर ती नात्यातलीच असतात. आमच्याकडे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलावतात, आडनाव फक्त कागदावर. जपानात आले आणि रोज सगळे मला आडनावाने हाक मारायला लागले. मला ते आवडलं."

तिने मार्कर या हातातून त्या हातात घेतला.

"पोरी लग्न करून दुसऱ्या घरी गेल्या, काही माणसं वारली. आता जगात आम्ही सातजण आहोत. आई, आत्या, काका, काकांची दोन मुलं, मी आणि माझा मोठा भाऊ. भाऊ आठ वर्षांपूर्वी जपानात आला. पाच वर्षांपासून तो कुठे आहे, आम्हाला माहीत नाही. माझं बोलणं संपलं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. जयमालाचे हात मात्र टाळी वाजवायला म्हणून वर गेले ते तसेच राहिले.

हे आडनाव तिने आधी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, स्वतःच्या तोंडाने पुकारलं होतं.

जयमाला गेली अडीच वर्षं स्टेशनजवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बाइतो करत होती. बाइतो म्हणजे अर्धवेळचं काम, तासावर पगार. दुकानाचा शिरस्ता असा, की गिऱ्हाइकाने पावती दिली की आडनाव मोठ्याने पुकारायचं, मगच कपडा समोर ठेवायचा. मग दुकानात एकच माणूस का असेना. पहिल्या वर्षी एक काळासावळा, चाळिशीचा माणूस राखाडी कोट घेऊन आला. उन्हाळाभर कोट सांभाळून ठेवायची दुकानाची सोय आहे, घरं लहान असतात ना. एप्रिलमध्ये द्यायचा, थंडी पडली की न्यायचा. फॉर्मवर त्याने आख्खं लांबलचक आडनाव लिहिलं. तेन्चो, म्हणजे दुकानाचे मॅनेजर ओगावा-सान, त्याला म्हणाले होते, पहिली चार अक्षरं पुरे आहेत, चालेल. जपानी लिपीत त्या नावाची आठ अक्षरं होतात; त्या माणसाने आठही लिहिली. पुढच्या वर्षी पुन्हा आठही लिहिली.

आणि दीड वर्षापूर्वी प्लोय या वर्गात पहिल्यांदा आली, तेव्हा हजेरीच्या कागदावर तेच आडनाव बघून जयमालाच्या मनात काय आलं? तर, 'अच्छा, हे तिकडचे पाटील दिसतायत.' बस्स. तेवढ्यावर ती पुढच्या नावाकडे वळली होती.

दीड वर्ष! दर रविवारी ही पोरगी शेजारच्या बाकावर बसत होती, डब्यातला भात देत होती, आणि तिच्या भावाचा कोट तीन स्टेशनं पलीकडे जयमालाच्या मागच्या दांडीवर टांगलेला होता.

"पी जया, तुम्हाला बरं वाटत नाही का?" बाकावर परत येऊन बसत प्लोयने विचारलं. 'पी' म्हणजे त्यांच्याकडे ताई. जयमाला आठ वर्षांनी मोठी, हे कळल्या दिवसापासून प्लोय तिला तसंच म्हणायची.

"डोकं जरा जड झालंय," जयमाला म्हणाली. एवढंच सुचलं तिला. खात्री नसताना काय सांगायचं? आणि खात्री असली तरी कोणत्या तोंडाने?

*

सोमवारी दुकान उघडताना तिने ओगावा-सानना गाठलं. ते काउंटरवरची पट्टी पुसत होते. साठीचे, बारीक, शर्टाचं वरचं बटण कधीही उघडं न ठेवणारे गृहस्थ. जयमालाने जमेल तसं सगळं सांगितलं. ते पुसायचे थांबले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"पातिरु-सान," ते म्हणाले; जपानी जिभेवर पाटीलचं असंच होतं. "गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन आपण कुणालाही देत नाही."

"सख्खी बहीण आहे ती."

"बहीण आहे म्हणूनच. त्यांना बहिणीला सापडायचं नसेल तर?"

जयमालाने पावत्यांचा गठ्ठा सरळ केला.

"आपण फक्त पावती बघतो," ओगावा-सान म्हणाले. "पावती ज्याच्या हातात, कपडा त्याला. बाकी आपल्याला काहीच माहीत नसतं." आणि ते पुन्हा पट्टी पुसू लागले.

रात्रीच्या जेवणाला तिने सुशांतला सांगितलं. सुशांत पाटील, म्हणजे ऑफिसातले बुटके पाटील, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग फोन लाव की त्याला. म्हणावं, कोट कधी नेताय? आणि सहज विचारून टाक."

"फोन बंद लागतो त्याचा. उन्हाळ्यात ओगावा-साननी मलाच लावायला सांगितला होता, सांभाळायची मुदत कळवायला. तेव्हाही बंद."

"मग तिला सांगू नकोस अजून. उगाच आशा लावायची आणि तो आलाच नाही तर?"

"अहो, पण ती पाच डिसेंबरला परत चाललीय! तिचं हॉटेल बंद होतंय, मालकाने जागा सोडली. व्हिसाही संपतोय. आई अंथरुणाला खिळलीय तिकडे." जयमालाचा आवाज चढला. "तीन वर्षं तिने इथे भांडी घासली, कांदे चिरले, ते काय हौस म्हणून? आणि मी मेली काय समजून बसले होते, तर पाटील!"

सुशांतने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अगं, कुणीही तेच समजलं असतं. मी तरी काय, ट्रेनमध्ये कुणाच्या बॅगेवर पाटील दिसलं तर काकाच समजू का?"

"तेच तर!" जयमाला म्हणाली आणि पदराने नाही, तर तिथे हाताशी असलेल्या लेकीच्या, ज्ञानदाच्या, शाळेच्या रुमालाने तिने डोळे पुसले.

*

मंगळवारी दुपारी, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, ती प्लोयच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी गेली. प्लोय उलट्या क्रेटवर बसून शेंगांचे देठ मोडत होती. एप्रनवर पाटी होती. बाकीच्या मुलींच्या पाट्यांवर नुसती लाडाची नावं, 'नोक', 'फॉन' अशी. प्लोयच्या पाटीवर दोन ओळींत आडनाव. इतके दिवस जयमालाला वाटायचं, मालकाने करून दिली असेल तशी.

"ही पाटी अशी कशी गं?" तिने विचारलं.

"मी मागून घेतली. कुणीतरी वाचेल म्हणून. इथे थाय लोक खूप येतात जेवायला." प्लोय हसली. "तीन वर्षांत पुष्कळांनी वाचली. सगळे म्हणतात, छान नाव आहे, कधी ऐकलं नाही."

जयमाला दुसऱ्या क्रेटवर बसली. घरून वाक्यं ठरवून आणली होती, जपानीत दोनदा म्हणूनही बघितली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. आमच्या दुकानात एक माणूस येतो. कोट देतो, नेतो. त्याचं आडनाव तेच. मला दीड वर्षापासून माहीत होतं, प्लोय. आमच्याकडे आडनाव सारखं असलं तर काही नसतं. कुणी कुणाचं नसतं. म्हणून मी बोललेच नाही. मला माफ कर."

प्लोयच्या हातातली शेंग तशीच राहिली. आत कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"उंच आहे?"

"माझ्याहून वीतभर. इथे," जयमालाने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं, "पांढरी रेघ आहे."

"सायकल," प्लोय म्हणाली. "मी पुढे बसले होते, मला वाचवायला तो भिंतीवर गेला." मग तिने जे विचारलं ते जयमालाच्या ध्यानीमनी नव्हतं. "तो आडनाव लिहितो? पूर्ण?"

"पूर्ण. आठही अक्षरं. आमचे तेन्चो म्हणाले चार पुरेत, तरी लिहितो."

तेव्हा प्लोय रडली. आवाज न करता, दोन्ही हात एप्रनवर, चेहरा झाकायलाही हात वर न घेता. जयमालाने क्रेट ओढून जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने प्लोय बोलली. वडील गेले तेव्हा दहनाच्या दिवशी मुलाने एक दिवसापुरतं का होईना, डोकं भादरून भिक्खू व्हायचं, अशी त्यांच्याकडे रीत. भाऊ आला नाही. त्याची फॅक्टरी बंद पडली होती, तिकिटाला पैसे नव्हते आणि ते सांगायची त्याला लाज वाटली, हे घरी नंतर कळलं. आई फोनवर म्हणाली, बापासाठी आला नाहीस ना, मग बापाचं नाव लावू नकोस. त्यानंतर त्याने फोन केला नाही.

"रागात म्हणाली ती. दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंत रडतेय. आणि तो..." प्लोयने मनगटाने नाक पुसलं. "तो लावतोय."

"मी पत्ता नाही गं देऊ शकत," जयमाला म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून नाही. म्हणजे, तेही आहेच. पण आमचे तेन्चो म्हणतात तेही खरं आहे. त्याला सापडायचंय की नाही, ते त्याने ठरवायला हवं."

प्लोयने मान हलवली. "मग कसं?"

कसं, ते जयमालाला आदल्या दिवशी बारा पँटींचे खिसे तपासताना सुचलं होतं. दुकानात कपडा आला की आधी खिसे उलटे करून बघायचे. चिल्लर, तिकीट, कानातलं, जे मिळेल ते एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, त्यावर 'आपल्या खिशात सापडलं' अशी छापील चिठ्ठी लावायची आणि पिशवी हँगरला टोचायची. कोट जाताना पिशवी त्याच्याबरोबर जाते. आजवर कुणी पिशवी नको म्हणून परत दिलेली नाही.

"तू चार ओळी लिहून दे," ती म्हणाली. "बाकी मी बघते."

प्लोयने ऑर्डर घ्यायच्या वहीतला कागद फाडून त्यावर लिहिलं. लिहायला वेळ लागला नाही, बहुतेक पाच वर्षं तोंडपाठ असावं. जयमालाला ती गोल गोल अक्षरं कळेनात.

"काय लिहिलंस?"

"आईने नाव परत दिलंय. मी पाच डिसेंबरला चाललेय. माझा फोन नंबर. आणि," प्लोयने कागदाची घडी घातली, "आपण सातच आहोत. सहा करू नकोस."

*

बुधवारी जयमालाची सुट्टी. गुरुवारी ओगावा-सान बँकेत गेले, तेवढ्यात तिने कागद पिशवीत घातला, चिठ्ठी लावली आणि पिशवी राखाडी कोटाच्या हँगरला टोचली. घाईत पिन वाकडी लागली. एप्रिलमध्ये या कोटाचे खिसे तिनेच तपासले होते आणि नोंदवहीत 'रिकामे' असं लिहिलंही होतं. म्हणजे खोटेपणाचा पुरावा तिच्याच अक्षरात.

संध्याकाळी ओगावा-सान दांडीवरच्या कपड्यांची मोजदाद करायला लागले. एकेक हँगर बाजूला सारत ते राखाडी कोटापाशी आले आणि थांबले. पिशवी उचलून त्यांनी चिठ्ठी वाचली. नोंदवही त्यांच्या काखेतच होती. जयमालाने इस्त्रीच्या शर्टांत डोकं खुपसलं. आता गं बया, झालं, ती मनात म्हणाली.

मागून क्लिक असा आवाज आला. तिने चोरून बघितलं. ओगावा-साननी वाकडी पिन काढून स्टेपलरने पिशवी नीट, दोन ठिकाणी पक्की केली होती. नोंदवही न उघडता ते पुढच्या हँगरकडे गेले.

आता फक्त थंडी पडायची होती.

आणि ती पडेना! नोव्हेंबर अर्धा झाला तरी लोक नुसत्या शर्टावर हिंडत होते. स्टेशनसमोरची झाडं पिवळी व्हायचं नाव घेईनात. जन्मात जयमालाने कधी थंडीची वाट बघितली नव्हती; जपानात आल्यापासून तर ती ऑक्टोबरातच स्वेटर घालून हुडहुडायची. आता ती रोज सकाळी बाल्कनीत जाऊन हात बाहेर काढून बघायची.

"ज्ञानदा, उद्या किती गं?"

"निजू-दो," पोरगी फोनमधून मान वर न करता सांगायची. वीस अंश.

"अजून वीस! अरे, हा काय नोव्हेंबर आहे की चैत्र?"

"देवाला काकडआरती कर थंडीसाठी," सुशांत म्हणायचा. पण ऑफिसातून निघताना तोही हवामान बघून मेसेज टाकायला लागला होता. 'शुक्रवारी चौदा म्हणतायत.' 'शुक्रवारचं रद्द. सतरा.'

दर रविवारी वर्गात प्लोय काही विचारायची नाही. फक्त आत आल्या आल्या जयमालाकडे बघायची. जयमाला मान हलवायची, नाही. मग दोघी वही उघडायच्या. शेवटच्या रविवारी किमुरा-सेन्सेईंनी प्लोयला निरोपाचा केक आणला. प्लोयने सगळ्यांना तुकडे वाढले आणि स्वतःचा जयमालाच्या डब्यात ठेवला. "तुम्ही खूप केलंत, पी जया," ती म्हणाली. "तो आहे, जेवतोय, कोट घालतोय, एवढं आईला सांगता येईल. तेवढ्यानेही ती बसती होईल."

जयमालाने तो केक घरी आणून तसाच फ्रीजमध्ये ठेवला.

*

दोन डिसेंबरला पहाटेपासून वारा सुटला. दुपारपर्यंत पारा सहावर. दुकानात रांग लागली, सगळ्या योकोहामाला एकाच दिवशी आपापले कोट आठवले. जयमालाने गिऱ्हाइकाला मानाचं 'सामा' लावून तीस-चाळीस नावं पुकारली. तानाका-सामा, सुझुकी-सामा, पुन्हा सुझुकी-सामा. हे इकडचे पाटील. चारच्या सुमाराला गर्दी ओसरली. ओगावा-सान मागे चहा करायला गेले. दार सरकलं.

तो पातळ स्वेटरवर आला होता, हात बाह्यांत ओढून घेतलेले. पाकिटातून चार घड्या घातलेली पावती काढून त्याने काउंटरवर सरळ केली.

नाव वाचायचीही गरज नव्हती. तरी शिरस्ता म्हणजे शिरस्ता.

"पथुमथारा-सामा," तिने पुकारलं.

"हो."

तिने कोट आणून समोर ठेवला. पिशवी वरच होती. "हे आपल्या खिशात सापडलं."

त्याने पिशवीकडे बघितलं. "खिशात काही नव्हतं."

"सापडलं," जयमाला म्हणाली. आयुष्यात इतक्या ठामपणे ती कधी खोटं बोलली नव्हती.

त्याने पिशवी उचलली. प्लॅस्टिकमधून घडीच्या वरच्या बाजूला थाय लिपीतला एकच शब्द दिसत होता. तो वाचताना त्याच्या भुवईवरची पांढरी रेघ वर गेली. मग त्याने पिशवी फाडली नाही, हळूच दोन्ही स्टेपल नखाने उघडले, कागद काढला आणि वाचला. चारच तर ओळी होत्या. पण तो वाचत राहिला. मागे किटलीची शिट्टी सुरू झाली आणि थांबली.

"ही कुठे आहे?"

"इथून तीन स्टेशनं," जयमाला म्हणाली. "तीन वर्षं झाली."

"तीन स्टेशनं," तो म्हणाला. कागदाची घडी त्याने होती तशीच घातली आणि स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवली. काउंटरवरच्या दोरी बांधलेल्या पेनाकडे बघत तो उभा राहिला. जयमालाला वाटलं, आता हा कोट उचलेल आणि जाईल. आणि जाऊ दे, वाचलं तर खरं त्याने. तिने कोटाची बाही उगाच नीट केली.

त्याने पेन उचललं. पावती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. पत्ता. खोली नंबर. मग पूर्ण नाव, आठही अक्षरं. पावती त्याने दोन्ही हातांनी जयमालापुढे सरकवली.

"पावती ज्याच्या हातात, त्याला कोट देता ना?"

"हो," जयमाला म्हणाली.

"मग ही तिला द्या. कोट ती घेऊन येईल."

"अहो, पण बाहेर सहा अंश आहे!"

"असू दे," तो म्हणाला. दारापाशी जाऊन तो वळला आणि कमरेतून वाकला, इकडचे लोक वाकतात तसा नाही, तर हात जोडून. मग हात पुन्हा बाह्यांत ओढून घेऊन वाऱ्यात बाहेर पडला.

ओगावा-सान चहाचे दोन कप घेऊन आले तेव्हा जयमाला फोनवर होती आणि मराठीतच बोलत सुटली होती. "अगं ये, आत्ताच्या आत्ता ये, टाक ते कांदे!" पलीकडे प्लोयला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी सगळं कळलं.

पाऊण तासात ती आली. एप्रन तसाच, वर जाकीट, पाटी दोन ओळींची. जयमालाने तिच्या हातात पावती दिली; तो नुसत्या स्वेटरवर गेला, कोट तू न्यायचायस, तेही सांगितलं. प्लोयने मागची बाजू वाचली, आधी पत्ता, मग नाव. नावावरून तिने अंगठा फिरवला. मग पावती सरळ करून काउंटरवर ठेवली, गिऱ्हाइकासारखी.

ओगावा-सान दोन पावलं मागे उभे होते. त्यांना काहीच माहीत नसल्यासारखे.

"पथुमथारा-सामा," जयमालाने पुकारलं.

"हो," प्लोय म्हणाली.

जयमाला कोट पिशवीत भरायला लागली तर प्लोयने तिचा हात धरला. कोट तिने हँगरवरून काढला आणि जाकिटावरूनच अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली आल्या, खालची कड नडग्यांपर्यंत गेली. गळ्यापर्यंतची सगळी बटणं तिने एकेक करून लावली.

"अगं, एवढं कशाला? हातात धरून ने की," जयमाला म्हणाली.

"तो स्वेटरवर गेलाय ना," प्लोय म्हणाली. "पोचेपर्यंत गरम होईल."